गंजीची दक्षिण बाजू

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
आज उमापूरला रुजू झाले. वीज कंपनीत इंधन विश्लेषक ही माझी पहिलीच नोकरी, आणि मी नक्की काय करणार हे आईला अजून नीट सांगता आलेलं नाही. तसं सोपं आहे. कापूस वेचून झाला की शेतकरी पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटतात. कंपनी त्या विकत घेते, तुकडे करून कोळशात मिसळते आणि जाळते. कुठल्या गावातून, कोणत्या भावाने, किती घ्यायच्या, साठा कधी जाळायचा, हे मी पुण्याच्या ऑफिसला कळवायचं. साठा गावाबाहेर, चकलांब्याच्या रस्त्याला. पऱ्हाट्यांची दुमजली घराएवढी गंजी, वजनकाटा, पत्र्याचं ऑफिस, मागे माझी खोली. खोलीला पूर्वेची खिडकी! फाटकाशी रखवालदार राधाकिशनकाका आणि त्यांच्या बायको बायनाबाई राहतात. बायनाबाईंनी बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी दिली. इथं माझं छान जमणार.

५ फेब्रुवारी
गंजी आतून तापते. म्हणून रोज सकाळी तापमापीची लांब सळई खुपसून बघायचं. साठ अंशांच्या वर गेलं की गंजी फोडायची, नाहीतर पेट घेते. आज सगळीकडे पन्नासच्या आसपास. फक्त दक्षिणेच्या टोकाला, कमरेच्या उंचीवर, सदतीस. काका लांबूनच ओरडले, "म्याडम, तितं न्हाई घालायची सळई!" का, ते मात्र सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
काटा बंद. काका आणि बायनाबाई आष्टीला लेकीकडे. आईचा फोन दोन मिनिटं चालला. घरी पाहुणे होते. त्यानंतर कुणाशीच बोलले नाही. संध्याकाळी दूधवाल्याला हाक मारली तेव्हा कळलं, आवाज बसलाय.
सकाळी लई थंडी होती (हा शब्द मला आवडलाय). गंजीच्या दक्षिणेला पाठ टेकून चहा प्यायले. कुणाच्या तरी शेजारी बसल्यासारखं वाटलं.

१४ फेब्रुवारी
नवी तापमापी आली. बाकी गंजी पंचावन्न, अठ्ठावन्न. तिथं सदतीस. पुण्यातले माझे साहेब, विजयसिंह सर, फोनवर हसले. म्हणाले, म्हणजे गंजीला ताप नाही. मीही हसले. मग ताट घेऊन तिथंच जेवायला बसले.

१८ फेब्रुवारी
बायनाबाईंनी आज हातातलं ताट काढून घेतलं. "तितं पाठ टेकू नगंस, लेकी. त्यो प्रविण बी असाच बसायचा."
प्रविण माझ्या आधी या जागेवर होता. गेल्या सप्टेंबरात भर दुपारी नाहीसा झाला. मोटारसायकल इथंच, चपला गंजीपाशी. लोकांनी विहिरी पाहिल्या. काका म्हणाले गंजी फोडा. पुण्याहून नकार आला. भाव चढत होते, साठा मोडायचा नव्हता.
मी आज अहवाल पाठवला. भाव पडणार आहेत, जुना साठा आधी जाळा, दक्षिणेकडून सुरुवात करा. खोटं आहे. भाव अजून चढतायत.

२१ फेब्रुवारी
मंजुरी आली. सोमवारी फोडणार.
दक्षिणेला घातलेली सळई काढताना अडकली. मी ओढली. आतूनही ओढली गेली. जोरात नाही. हात सोडू नकोस असं कुणी म्हणावं, तशी —

२४ फेब्रुवारी
जेसीबी आला. चालवायला अंगद, गेवराईचा. बारा वाजता दक्षिण बाजू फोडली.
प्रेत नव्हतं. पोकळी होती. गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माणसाएवढी, आतून गुळगुळीत. हात घातला — ऊब.
शेजारी दुसरी पोकळी. लहान. ओली, ताजी.
अंगदने आधी ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. जेसीबी वळवला आणि गेला.

२५ फेब्रुवारी
काका आणि बायनाबाई सामान बांधून निघाले. चल म्हणाले. दोनदा म्हणाले. मी म्हटलं, उद्या येते.
आईला फोन केला. नंतर करते म्हणाली. केला नाही —

२६ फेब्रुवारी, सकाळ
गंजीची फोडलेली बाजू पुन्हा सपाट. पोकळ्या बुजल्यात. कुणी बुजवल्या — इथं तर मी एकटीच —
सळई घातली नाही. हातानंच कळतं.

दुपार
बायनाबाई परत आल्या. फाटकातून हाका मारतायत. तुला घेतल्याबिगर जात न्हाई म्हणतायत. आत यायला धजत नाहीत — रडतायत —
उठायचंय. येते म्हणून ओरडायचंय. आवाज —
वही गुडघ्यावर. पाठीला ऊब. आत कुणीतरी जरासं सरकलं, माझ्यासाठी जागा क