इंजिनाची निगा

४ मे १९४०, शनिवार
इंजिन आलं. मुठीत मावतं. मोटारीत असतं ते सगळं यात आहे, फक्त लहान. सोबतच्या पत्रकात लिहिलंय, 'इंजिन विनाकारण उघडू नये.' ही सूचना नवशिक्यांसाठी. जेवणाच्या टेबलावर पूर्ण उघडलं. आतून फार सुंदर आहे. व्हर्नाने विचारलं, जेवायचं कुठे. बायकोला यंत्रातलं काही कळत नाही. मॉडेल विमान बांधून तयारच आहे, आठवड्यात उडवतो.

७ मे
जोडलं. पंखा फिरवला. सुरू झालं नाही. हवा दमट आहे. पंख्याने उलटा फटका मारून बोट सुजवलं. चांगलं लक्षण, म्हणजे इंजिनात जीव आहे. एक वॉशर उरला. कारखानेवाले जास्तीचा देत असावेत.

११ मे, शनिवार
मॉडेल विमानांच्या क्लबची मीटिंग. इंजिनाच्या निगेवर बराच वेळ बोललो, म्हणून मला इंजिन-सल्लागार नेमलं. शेजारचे दातांचे डॉक्टर, हार्लन स्टकी, यांनी सगळ्यांसमोर विचारलं की तुझं सुरू झालं का. सांगितलं, घाईने सुरू होणारी इंजिनं टिकत नाहीत. स्टकीचं गेली काही वर्षं चालतंय. त्याने ते एकदाही उघडलेलं नाही. इतका निष्काळजी माणूस लोकांचे दात कसे बघतो, देव जाणे.

१५ मे
संकल्प: रोज जेवणाआधी निगा. ठिणगी पाडणारे पॉइंट घासले. प्लग घासला. पिस्टन काढून पुसून परत बसवला. सुरू नाही. बॅटरीचा संशय. दुकानदार म्हणाला, बॅटरी उत्तम आहे. तो असं म्हणणारच.

१९ मे, रविवार
ब्रेडसाठी फुगत ठेवलेल्या पिठात इंजिनाचं ऑइल सांडलं. अगदी थोडं. व्हर्ना चिडली नाही, हे जास्त वाईट. हात पुसत म्हणाली, "लॉवेल, डेकोरेशन डेला तुमची स्पर्धा आहे ना? त्या दिवशी हे उडालं आणि उडून घरी आलं, तर टेबल तुझं. नाही आलं, तर परत ते मला या घरात दिसता कामा नये. आणि तोवर याला हात लावायचा नाहीस."
पेचकस, पाने, कानस सगळं तिने कपाटात कुलपात ठेवलं. मला भीती वाटते, खरंच. हे इंजिन गेलं तर संध्याकाळी मी करू काय?

२३ मे
खुर्चीवर ठेवलेल्या विमानाच्या पंखावर बसलो. खुर्चीची जागा चुकीची होती. स्टकीने स्वतःचा जुना पंख वापरायला दिला. त्यावर चिठ्ठी चिकटवलेली आहे: 'सापडल्यास हार्लन स्टकी, एल्म स्ट्रीट, मिलब्रुक, ओहायो येथे पोचवावे.' स्पर्धेच्या नियमाप्रमाणे चिठ्ठी लागतेच, ती आयती मिळाली. तसं माझं विमान हरवायचा प्रश्नच येत नाही.

२७ मे
निगेवाचून इंजिनाचे हाल चालले आहेत. स्टकीने बजावलं की टाकीत थोडंसंच पेट्रोल घाल आणि सोडण्याआधी टायमर लाव, म्हणजे इंजिन वर गेल्यावर आपोआप बंद पडेल आणि विमान तरंगत खाली येईल. ऐकून घेतलं. सल्लागाराला ऐकूनही घ्यावं लागतं.

३० मे, डेकोरेशन डे
सकाळी परेड, सैनिकांच्या कबरींवर फुलं. दुपारी कुरणात स्पर्धा. टाकी काठोकाठ भरली, कारण सुरू करण्यातच निम्मं सांडतं. पंख्याला एक झटका दिला.
सुरू झालं.
याची माझी तयारी नव्हती. एरवी या वेळी मी विचार करायला बसतो. मागून स्टकी ओरडला, "टायमर, लॉवेल! टायमर लाव!" मला वाटलं शाबासकी देतोय. सोडून दिलं.
गवताच्या कोठाराच्या वर गेलं, मग रस्त्यापलीकडे, मग नुसता आवाज उरला, मग तोही गेला. लोकांनी टोप्या काढल्या. आयुष्यात इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. हे सगळं आधीच्या निगेचं फळ. व्हर्ना लिंबूसरबत वाटत होती. म्हणाली, "उडालं खरं. आता घरी कधी येतंय बघू."

१ जून
आलं नाही. दिवसभर ओसरीवर बसून होतो. वारा पूर्वेकडे जात होता, पण वारा वळतो.

३ जून, सोमवार
आलं! शेजारच्या काउंटीतल्या एका शेतकऱ्याला त्याच्या ओट्सच्या शेतात सापडलं. कुठे खरचटलंसुद्धा नाही. चिठ्ठी वाचून त्याने ट्रकमधून पत्त्यावर आणून पोचवलं. स्टकीकडे.
स्टकी भला माणूस, लगेच घेऊन आमच्या दारात आला. मी व्हर्नाला समजावलं की मध्ये फक्त एक कुंपण आहे, म्हणजे घरी आल्यासारखंच. तिने दार अर्धवटच उघडलं होतं.
"घरी आलंय, मान्य," ती म्हणाली. "पण डॉक्टरांच्या."
स्टकी खाली बघत म्हणाला, मग तात्पुरतं मी ठेवतो.

५ जून
संध्याकाळी कुंपणापलीकडून आवाज आला. माझंच इंजिन. पहिल्या झटक्यात. कुंपणावरून विचारलं, उघडून साफ केलंस का? नाही म्हणाला. पुन्हा सुरू केलं त्याने. पुन्हा पहिल्या झटक्यात.
टेबलावर जेवायला बसलो. जागा खूप आहे. झाडताना सापडलेला तो वॉशर व्हर्नाने माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि विचारलं, हा कशाचा. म्हटलं, फार महत्त्वाचा आहे, याच्याशिवाय ते इंजिन चालूच शकत नाही.
मग आम्ही दोघंही जेवता जेवता ते ऐकत बसलो.