चोरीच्या रकान्यावरची रेघ

आप्पा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि परवा मला पहिल्यांदा तुमचा राग आला. राग तरी कसला, हादरलेय मी. आपल्या पुढच्या खोलीतली तिन्ही शिलाई मशिनं चोरीला गेली. शनीच्या शिंगणापुरात, आप्पा! मावशीच्या तेराव्याला शेवगावला गेले होते. दुपारी परत येऊन बघते तर फरशीवर नुसते स्टँडचे डाग. त्यात तुम्ही दिलेलं मशीनही गेलं. दहावीनंतर माझ्यापुढं ठेवून म्हणाला होतात, "हे चालव, कुनाच्या तोंडाकडं बघायची पाळी येनार न्हाई." शाळेच्या गणवेशांची ऑर्डर अर्धी शिवून पडलेली, शाळा पंधरा दिवसांवर आलेली. तरी मी रडले नाही. म्हटलं, आप्पांनी विमा काढून ठेवलाय, नवी मशिनं येतील.

तो विमा काढलात तो दिवस अजून दिसतो मला. एजंटकाका ओट्यावर बसलेत, मी चहा आणतेय, तुम्ही चष्मा पुसून पुसून फॉर्म भरताय. मग पिवळी फाईल माझ्या हातात देऊन म्हणता, "जपून ठेव, यात समदं हाय." मी जपली की! दर वर्षी हप्ता भरला, पावती आत सरकवली. उघडून एक ओळ वाचली असेल तर शपथ.

नगरहून विमा कंपनीचा माणूस पाहणीला आला. तरुण, बोलायला गोड. म्हणाला, "ताई, कुलूप कुठं तोडलंय? तेवढा फोटो घेतो." मी म्हटलं, "अहो, तोडायला दार तर पायजे! हितं नुसती चौकट असती. कुत्रं येऊ नये म्हनून फळी लावतो, बस." त्यानं मोबाईल खिशात ठेवला. मग समजावून सांगायला लागला, चोरीच्या क्लेमला कुणी जबरदस्तीनं आत शिरल्याची खूण लागते. बोलता बोलता फाईल चाळत होता, तो मध्येच थांबला. "पण ताई, यात चोरीचा विमाच नाहीये. फक्त आगीचा आहे." फॉर्म माझ्यापुढं धरला. चोरीच्या रकान्यावर आडवी रेघ आणि शेजारी तुमचं ते वळणदार अक्षर: 'दार नाही. चोरी होत नाही. नको.' खाली तुमची सही.

एजंटकाकांना फोन लावला. आता फार थकलेत. म्हणाले, "पोरी, म्या लई सांगितलं. पर तुझा बाप म्हनला, चोरीचा इमा काढला म्हंजी देवावर भरवसा न्हाई आसं हुतंय." अहो आप्पा, मग आगीचा तरी कशाला काढलात? तिथं देवाचं काही चालत नाही होय? आणि निदान मला एका शब्दानं सांगायचं होतंत! आणि मी? मला काय धाड भरली होती फाईल उघडायला? शेवटी ऑर्डर दुसऱ्या टेलरकडं गेली. कापलेलं कापड मीच उचलून नेऊन दिलं त्याला.

लहानपणी मी माझ्या बांगड्यांच्या पेटीला कुलूप लावलं होतं, आठवतं? तुम्ही हात उगारला नाहीत. नुसतं विचारलंत, "कुनावर संशय हाय तुझा?" मी लाजेनं ते कुलूप विहिरीत टाकून आले. चोरीची तक्रार लिहिताना ठाण्यात हवालदारानं अगदी हेच विचारलं. मी म्हटलं, "कुणावर नाही." त्यांनी तसं लिहून घेतलं, मी सही केली.

उद्या सुतार दाराचं माप घ्यायला येतोय. हे पत्र त्याच पिवळ्या फाईलमध्ये ठेवतेय, पाठवू तरी कुठं? एकच सांगायचं राहिलं. ठाण्यातली माझी ती सही खोटी आहे, आप्पा. आज सकाळी माझा सख्खा भाऊ पाणी प्यायला आत आला, तेव्हा तांब्या देताना मी आधी त्याच्या हातांकडं बघितलं.