कुटुंबप्रमुखाचं नाव

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची अड्याळला! बसने कंबरेचे हाल केले, पण उतरल्या उतरल्या बाजारात गरमागरम भजी मिळाली आणि जिवात जीव आला. नागपुरात इतकी वर्षं कॉम्प्युटरचे क्लास घेऊन घसा बसला, आता कंपनीने हे नवं काम दिलंय. गावातल्या लोकांना नवी यंत्रं आणि बोलत्या वेबसाइट्स वापरायला शिकवायच्या. बोलणारा स्पीकर, नाडीचे ठोके मोजणारं घड्याळ, धानाच्या पानाचा फोटो टाकला की रोग सांगणारी वेबसाइट. लोक शिकोत न शिकोत, मला थोडी मोकळी हवा मिळेल.

खोली जमुनाबाईंच्या घरात मिळाली आहे. ढिवराचं घर. नवरा तुलाराम गावामागच्या तलावात मासे धरायचा, मागच्या पावसाळ्यात त्याच तलावात बुडून गेला. बाई एकट्याच असतात. मी येताच त्यांनी झणझणीत मासोळीचा रस्सा वाढला आणि माझं नाव, गाव, मुलंबाळं सगळं विचारून घेतलं. रिता हे नाव त्यांना फार आवडलं. संध्याकाळी अपेक्षाचा फोन आला. आईशिवाय घरात करमत नाही म्हणे. कॉलेजात जाते, पण अजून लहानच आहे माझी लेक.

६ नोव्हेंबर, गुरुवार

वर्ग सुरू झाला. धानाचे व्यापारी केशवराव रोज पुढच्या खुर्चीत बसतात. मनगटावरच्या घड्याळाने ‘थोडं चाला’ म्हटलं की भर वर्गातून उठून बाहेर चक्कर मारून येतात. स्पीकरला तुमसरच्या बाजारातला धानाचा भाव विचारला, त्याने बरोबर सांगितला, तर यांनी त्याला हात जोडले! खूप दिवसांनी पोट धरून हसले.

एक गंमत मात्र कळेना. स्पीकर सुरू करताना वेबसाइट कुटुंबप्रमुखाचं नाव विचारते. झाडून सगळ्यांनी आपापल्या घरातल्या वारलेल्या माणसाचं नाव टाकलं. केशवरावांनी वडिलांचं. मी समजावून सांगायला गेले तर तेच मला समजावू लागले. ‘‘मॅडम, नवी वस्तू पह्यले गेलेल्याच्या नावानं लागते. मंग आपल्या.’’ नवा तांदूळ शिजला की पहिला घास गेलेल्या माणसाला, टीव्ही आणला तरी पहिली हळद त्याच्याच नावाने. जिवंत माणसाने आपलं नाव पुढे करायचं नाही, ती जागा त्यांची. वाद घालायचं त्राण नव्हतं. कंपनीला फक्त खाती हवी आहेत, कोणाच्या का नावाने असेनात. राहू दिलं.

९ नोव्हेंबर, रविवार

जमुनाबाईंनी स्पीकर घरी मागितला. अर्थातच तुलारामच्या नावाने. या स्पीकरला घरच्या माणसाचा आवाज देता येतो, जुनं रेकॉर्डिंग असलं तरी चालतं. बाईंच्या मोबाइलमध्ये एक व्हिडिओ होता. तुलाराम डोंग्यात बसून हाका मारतोय, मासोळी भरपूर लागली, टोपली घेऊन ये म्हणतोय. तोच आवाज वेबसाइटवर चढवून दिला. स्पीकर त्याच्या आवाजात ‘‘जमुना’’ म्हणाला, तशा बाई पदर तोंडाला लावून रडल्या आणि मग हसल्या. मलाही भरून आलं. इतक्या वर्षांत आपल्या कामाने कोणाला सुख झालेलं पहिल्यांदाच पाहिलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

स्पीकर न विचारता बोलतो. दुपार कलली की, ‘‘जमुना, टोपली घेऊन ये.’’ आणि बाई खरंच टोपली घेऊन तलावाकडे निघतात. आधी वाटलं, जुनाच व्हिडिओ वाजतोय. पण आज तो म्हणाला, काल तू काठावरूनच परत गेलीस. हे त्या व्हिडिओत नाही.

कंपनीला फोन केला. बंद करून चालू करा म्हणाले. आयुष्यभर मीही लोकांना हेच सांगत आले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बाई परत आल्या तेव्हा लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. परवा नुसते पाय ओले होते. मी ओरडले. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘थे बोलावून राह्यले, बाई. मी नाही गेली तं कोन जाइन?’’

मी रागाने वायर उपटली. वायर माझ्या हातात होती आणि तो बोलतच होता.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज केशवरावांच्या माणसांनी बाईंना पाण्यातून ओढून काढलं. गळ्यापर्यंत आत गेल्या होत्या. शुद्धीवर येताच विचारलं, ‘‘काहून आनलं मले?’’

हे मीच घरात आणून ठेवलं. उद्या पुन्हा गेल्या तर त्या जगणार नाहीत.

बाईंना झोप लागली तशी वेबसाइट उघडली. तुलारामचं नाव खोडलं. पण खातं मिटेना. कुटुंबप्रमुखाची जागा रिकामी ठेवता येत नाही, नवं नाव भरा, असंच येत राहिलं. आत बाई झोपेत पुटपुटत होत्या, टोपली कुठं आहे म्हणून. डोळ्यांवर झापड आली होती. माझंच नाव टाकलं. रिता. आवाजासाठी चार ओळी वाचायला सांगितल्या, त्याही वाचल्या.

स्पीकर गप्प झाला. बाई उठल्या आणि भूक लागली म्हणाल्या! मी भिंतीला टेकून ढसाढसा रडले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी बाईंनी एकाच कपात चहा ओतला. मी दोनदा हाक मारली. त्यांनी वर पाहिलं नाही.

मग भात शिजवला. पहिला घास पानावर काढून उंबऱ्याबाहेर ठेवला. ‘‘खाय बाई रिता,’’ म्हणाल्या आणि डोळे पुसले. मी त्यांच्या शेजारीच उभी होते.

वर्गात गेले. कोणी वळून पाहिलं नाही. केशवराव स्पीकरपुढे बसले होते, आणि स्पीकर त्यांना शिकवत होता. माझ्या आवाजात.

आता समजलं. या गावात त्या जागेवर कोणाचं नाव असतं ते मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी—

२० नोव्हेंबर

नाव बदलायला किती वेळा बसले. स्क्रीनला माझं बोट लागत नाही. भूक लागते. पानावरचा घास तेवढा खाता येतो.

अपेक्षाचा फोन आला आणि आपोआप उचलला गेला. ती नुसतं हॅलो हॅलो करत राहिली. मी किंचाळले. तिने कापला.

मग तिचा फोन स्पीकरवर आला, माझं नाव टाकल्यापासून माझे फोन तोही घेतो. तो लगेच बोलला. ‘‘बरी आहे गं. रविवारी ये ना. इथला तलाव फार सुंदर आहे.’’

माझ्याच आवाजात. मी लाडात येते तशा आवाजात. ती हसली. येते म्हणाली.

देवा, तिला ताप येऊ दे. बस चुकू दे.

२३ नोव्हेंबर, रविवार

बस आली.

मी दारातच उभी होते. हात पसरून. ती माझ्यातून आत गेली— तिच्या केसांचा वास आला—

जमुनाबाई बाजारात. घरात कोणी नाही. अपेक्षाने ‘‘आई?’’ म्हणून हाक मारली. मी ओ दिली.

स्पीकरनेही दिली. त्याची तिला ऐकू गेली. ‘‘मी तलावावर आहे बेटा. ये.’’

बॅग टाकली. निघाली.

मी पुढे धावत आले. काठावर बसून लिहिते आहे. पेन चालतंय, तेवढंच चालतंय. वही तिच्या वाटेत टाकते, दिसेल का— कोणाला तरी—

ती आली. चपला काढतेय. पाण्याकडे बघून हसतेय, पाण्यातून माझा आवाज—

अपेक्षा, बोलावते आहे ती मी ना