पुंजारामबाबांची सायकल नेली त्याची हकीकत

मखमलाबाद, नाशिक
पोळ्यानंतरचा रविवार, २००४

वसीमभाईस जीवनचा नमस्कार, आणि वर सलामही. तुझा खोकला कसा आहे? निरीक्षणगृहातली डाळ घट्ट झाली का? (झाली नसणारच.) मी इथं मजेत आहे.

सायकलचोरीत मी पुन्हा सापडलो, तेव्हा बाल न्याय मंडळाच्या मॅडमनी मला कोंडण्याऐवजी गावाच्या ओटीत घातलं, हे तुला ठाऊकच. गुलाबाचा मळा करणाऱ्या सखुबाईकडे राहायचं आणि गावानं लक्ष ठेवायचं. लक्ष ठेवायचं म्हणजे काय, तर रामरामाच्या जागी सगळे विचारतात, आज काय उचललं? मी म्हणतो, अजून नाय. (आधी राग यायचा. आता कुणी विचारलं नाही तर करमत नाही.)

तर काल दुपारी शेजारच्या पुंजारामबाबांची सायकल कुलपाशिवाय उभी. हे बाबा माझ्यावर देखरेख करणाऱ्यांचे मुख्य, पण ओट्यावर त्यांना डुलकी लागलेली. माझा हात गेला. ठरवलं, स्टेशन गाठायचं आणि मनमाडला जायचं. (तिथं माझं कुणी नाही, पण तिथून गाड्या सगळीकडे जातात.) वेशीवर भाजी पिकवणाऱ्या कुसाबाईनं अडवलं आणि बाजाराला चाललाच आहेस तर म्हणून मेथीचं गाठोडं कॅरिअरला बांधलं. पुढं एकानं झेंडूची टोपली हँडलला अडकवली. पळून जाणाऱ्यानं कुणाकुणाला नाही म्हणायचं? एवढ्या ओझ्यानं पळता तर येईना, तोलही सावरेना. शेवटी बाजारात माल पोचवला आणि मुकाट परत आलो.

पुंजारामबाबा जागे होऊन बसले होते. मी मार खायच्या तयारीनं उभा राहिलो. ते म्हणाले, "मागच्या चाकात हवा कमी हाय. पुढच्या टायमाला भरून ने."

वसीम, मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिकडं संध्याकाळी आपली मोजणी व्हायची, एक जरी कमी भरला तरी शिट्ट्या वाजायच्या. इथं मी पळून गेलो होतो हे कुणाला कळलंसुद्धा नाही. सगळ्यांना वाटलं, बाजाराला गेलाय, येईल. सखुबाई भाकरी वाढते, लवकर झोपते, दाराला कडी लावत नाही. मी त्या दाराकडे बघत पडून राहतो. शेजारी कुणी घोरत नाही, त्यामुळे झोप येत नाही.

तुझा
जीवन

ता. क. देखरेखवाल्यांची दर महिन्याला बैठक होते. तेव्हा मला विचारतात, तुझं कुणी येऊन गेलं का? तुझी अम्मी तुला भेटायला येते, तर परत जाताना इकडं डोकावेल का? माझी मावशी आहे म्हणून सांगायचं. नातं कसं लागतं ते मी जुळवतो. खाऊबिऊ नको. ओट्यावर बसून चारचौघांसमोर मला दोनदा रागावली तरी पुरे.

आणखी एक. जमत नसेल तर राहू दे, आग्रह नाही. फक्त सखुबाईला मी सांगून बसलोय, आणि तिनं मावशीसाठी शेवया काढून ठेवल्यात.