मावशीची पाठ

ता. ३ मार्च
चि. चिमीस अनेक आशीर्वाद.
तुझी आई आता बरी आहे, पण अर्धांगाच्या झटक्याने गेलेला उजवा हात अजून मांडीवर पडून असतो. डॉक्टर म्हणाले, आपल्याला येणारं काम दुसरा करताना नीट पाहिलं, की ते स्वतः करताना मेंदूतल्या ज्या पेशी चालतात त्याच जाग्या होतात. रोज हात पाहायचे, मग आपला हलवून बघायचा. पहिले काही महिनेच काय ते मोलाचे. म्हणून दुकानातलं मशीन मी तिच्या खोलीत आणलंय. दिवसभर तिथेच शिवते. ताई तोंडाने अजून टेलर-मास्तरच आहे, माझी कॉलर बघून नाक मुरडते! तू नोकरी टाकून धावत येऊ नकोस. मी आहे ना.
तुझी मावशी

ता. १९ मे
चि. चिमी, अ. आ.
डाव्या हाताने लिहितेय, अक्षराला हसू नकोस. मावशी माझ्या खोलीत शिवते हे खरं. पण मशीन खिडकीशी लावलंय, उजेडासाठी म्हणे. मला दिसते तिची पाठ. जरा वळ म्हटलं, की म्हणते डोळे अधू होतील. दोरा तुटला की ती उजवा खांदा उडवते. परवापासून माझाही उडायला लागलाय. बोटं तशीच. कात्री उचलता आली नाही, तर मी कोण गं? लवकर ये.
तुझी आई

ता. २४ मे
ती. मावशीस सा. न.
मशीन आजच्या आज वळव. डॉक्टरांनी हात दाखवायला सांगितले होते, पाठ नव्हे. कळलं नाही असं म्हणू नकोस. रविवारी येतेय.
चिमी

ता. २७ मे
चि. चिमीस आशीर्वाद.
कळलं होतं. लग्नाआधी कित्येक वर्षं मी तिच्या हाताखाली काज-बटणं केली. कापड बेतायची वेळ आली की ताई माझ्याकडे पाठ करायची. शिकवलं तर उद्या समोरच दुकान थाटशील, असं तोंडावर म्हणायची. कटिंग मी शिकले मागून तिचं हलणारं कोपर बघून, आणि कापड वाया घालवल्याबद्दल मार खाऊन. मला जमलं, तिलाही जमेल म्हटलं.
तुझ्या सांगण्यावरून मशीन वळवलं. डॉक्टर म्हणतात, उशीर झालाय, तरी बघू द्या. काल तिच्यासमोर मी शर्ट बेतला, सावकाश, तिने मला कधी दाखवली नाही तशी एकेक रेघ दाखवत. तिने डोळे गच्च मिटून घेतले, ते कात्री थांबेपर्यंत उघडले नाहीत.
लोभ ठेवशील असं वाटत नाही, मी मागतही नाही.
तुझी मावशी