सातचा तुटका कोपरा

हे पक्कं लिहायला आठ दिवस टाळाटाळ केली. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तर खिडकीतून समोरच्या गॅरेजवाल्याचं काम बघत बसलो (पत्रा उलट्या बाजूने ठोकतो तो). आता उद्या सकाळी डॉक्टर माझी छाती उघडणार, म्हणून लिहितो.

मी, धंद्याने डेंटर (गाड्यांचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारा), वय सव्वीस, कायमचा पत्ता नाही, ओळखणारे भिंगरी म्हणतात, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी हात पिरगाळलेला नसताना ठरवतो की माझ्यामागे माझ्या वस्तू अशा जाव्यात.

१. घर नाही. तंबू ताईला. ताई, एक काठी वाकडी आहे, शिव्या दे पण फेकू नकोस.

२. हातोड्या आमच्या वर्कशॉपातल्या पेंटरला. माझ्या प्रत्येक कामाला तो "लांबून बरं दिसतंय" म्हणायचा, ते माफ.

३. नंबर ठोकायचे पोलादी ठसे, शून्य ते नऊ, मास्तरीणबाईंना.

बाईंची दोन सीटची जुनी रेसची गाडी त्यांच्या वडिलांनी नवी घेतलेली. ती आमच्याकडे दुरुस्तीला आली, तेव्हा वर्कशॉपच्या मालकाने, उस्तादने, मापं घेऊन हुबेहूब दुसरी बनवली. तिच्या चॅसीवर बाईंच्या गाडीचा नंबर मी ठोकला. ज्या बाईंनी मला गाडी शिकवली, भटकून आलो की स्वतःच्या गॅरेजात झोपू दिलं, त्यांच्या गाडीचा! उस्तादने नक्कल अस्सल म्हणून विकली.

मग एकाच नंबरच्या दोन गाड्या निघाल्या म्हणून सरकारी तपासनीसाने दोन्ही पाहिल्या. बाईंच्या गाडीचं इंजिन बदललेलं, दारांना ठिगळं. आमची नखशिखांत जुन्या कागदांबरहुकूम. त्याने बाईंचीच खोटी ठरवली. परवा ती भंगारात दाबणार आहेत. अहो, तिचं काय वाट्टेल ते बदललं असेल, पण ती एक दिवसही दुसरी गाडी नव्हती. आमची तीन वर्षांपूर्वी नुसता पत्रा होती.

पुरावा: माझ्या सातच्या ठशाचा कोपरा तुटलाय. नंबरात दोन सात आहेत. विकलेल्या गाडीवर दोन्ही सातांचा कोपरा उडालेला दिसेल, बाईंच्या गाडीवर नाही. भिंग घेऊन बघा. पण लवकर बघा हो!

४. उस्तादला काही नाही. दवाखान्यात भरती व्हायच्या आधी हे कच्चं लिहून त्याला दाखवायला गेलो होतो. "चष्मा नाही," म्हणाला. "आणि तू गेलास तर तुझ्या ठशांना कोण विचारतंय?" तपासनीस फोनवर म्हणाला, तोंडी चालणार नाही, दोन साक्षीदारांच्या सह्यांचा कागद आणा.

साक्षीदार पहिला: शेजारच्या कॉटवरचे काका, निवृत्त पोस्टमन. सही करून विचारतात, "मला काय ठेवलंस रे?" काका, साक्षीदाराला काही ठेवता येत नाही.

साक्षीदार दुसरा: . . . . . . . . . .
(नर्सना परवानगी नाही. वर्कशॉपातल्या चौघांना विचारलं, चौघे उस्तादला घाबरतात. एक सही हवी होती फक्त.)

सही: भिंगरी
ठिकाण: कॉट नंबर अकरा
दिनांक: नऊ, बुधवार, दुपारी चार

थांबा. काका कोपराने ढोसतायत. दारात उस्ताद उभा आहे. खिशातून चष्मा काढतोय.