आक्काचा गुडघा

३ ऑगस्ट

आले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तीन महिन्यांसाठी! आक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तिनं लग्न केलं नाही, घरात दुसरं कुणी नाही, म्हणून मी. पासपोर्ट न्यूझीलंडचा. म्हणजे कागदावर मी कोल्हापुरात परदेशी.

स्टेशनवरून येताना रिक्षावाल्यानं विचारलं, कुठनं आलाय? सांगितलं. म्हणाला, ‘‘ते कागलच्या अलीकडं का पलीकडं?’’ आरशात बघितलं तर गालात हसत होता. हे गेल्यापासून चार वर्षं मी हॅमिल्टनमध्ये एकटी राहते. तिथले लोक भले. पण अशी थट्टा कुणी केली नव्हती.

७ ऑगस्ट

आक्का काठी टेकत चालते, खेकसते मात्र दोन्ही पायांवर. तिचा चातुर्मास कडक — कांदा-लसूण बंद, जेवण सूर्य मावळायच्या आत. छत्तीस वर्षं शाळेत पोरांना धाकात ठेवलं. आता वर्गात मी एकटीच.

११ ऑगस्ट

पाप केलं. भाजीला म्हणून बाहेर पडले आणि मिसळ खाल्ली. वर कांदा. दोनदा मागून. नाकाडोळ्यांतून पाणी. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं न विचारता पाण्याचा जग माझ्याकडे सरकवला आणि परत पेपरात डोकं घातलं. किती बरं वाटलं!

येताना वेलदोडे चघळत आले. वेलदोडा कशाला, आक्काचा प्रश्न. म्हटलं, विमानापासून पोटात गुबारा धरलाय. विमानाला आठवडा झाला! तिनं मूठभर ओवा दिला, समोर उभी राहून खायला लावला. फिट्टंफाट.

१५ ऑगस्ट

मिसळ.

२६ ऑगस्ट

सकाळी गंगावेशीत दूध प्यायले. म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात, ओठांवर फेसाची मिशी. न्यूझीलंडात गायी माणसांपेक्षा जास्त, आणि मी तीस वर्षं फ्रीजमधलं गार दूध पितेय.

येताना इस्त्रीवाल्यानं अडवलं. काल दिसला न्हाई, कुठं गेलता? मला खुलासा द्यावा लागला. हॅमिल्टनची शेजारीण बारा वर्षं हात हलवते, बिचारीला माझं नाव माहीत नाही. इथं एक दिवस गल्लीतून गेले नाही तर जाब विचारतात. ह्या जाबाचं कुणाला सुख वाटेल? मला वाटलं.

९ सप्टेंबर

काय बघितलं मी आज!

मिसळ खाऊन मागच्या बोळातून येत होते. वर नजर गेली तर गच्चीवर आक्का. एका हातात ओल्या कपड्यांची बादली. काठी नाही. दोरी उंच आहे, तर चक्क टाचा उंचावून चादर वाळत घालत होती. मी भिंतीला चिकटून उभी राहिले, मग वळसा घालून पुढच्या दारानं घरात आले. दहा मिनिटांनी बाईसाहेब काठी टेकत, कण्हत बाहेरच्या खोलीत.

विचारणार कसं? तू मागच्या बोळात काय करत होतीस, हा उलटा प्रश्न आधी येईल. आणि त्या बोळात मिसळवाल्याशिवाय दुसरं काहीही नाही.

१२ सप्टेंबर

चाचणी परीक्षा घेतली. स्वयंपाकघरातून ओरडले, आक्का, दूध उतू चाललंय! आली धावत. अगदी धावत. गॅस बंदच होता. मग तिला एकदम आठवलं आणि लंगडायला लागली.

डाव्या पायानं.

न्हाणीघरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून हसले.

१३ सप्टेंबर

आज उजव्यानं.

२ ऑक्टोबर

औषधाच्या दुकानात अनुजा भेटली. आक्काचे व्यायाम घेणारी मुलगी. मी सहज म्हटलं, हल्ली येत नाहीस. ती गोंधळली. मग सांगितलं, की महिना झाला तिनं यायचं थांबवून. पाय उत्तम आहे, जिन्यानं चढ-उतार चालू आहे.

मी म्हटलं, मग ही काठी कशाला?

अनुजानं आवाज खाली आणला. ‘‘बोलू नको म्हणाल्यात मला. पाय बरा झालेला कळला की ती जाईल, म्हणाल्या.’’

घरी आले. आक्का काठी टेकत दार उघडायला आली. आज हसू आलं नाही. तिच्या हाताखाली हात घालून तिला खुर्चीपर्यंत नेलं. तीही निमूट आली.

१८ ऑक्टोबर

मुलाचा, वृषभचा, फोन. तो मजेत. माझ्या घराला आठवड्याला चक्कर मारतो, सगळं जागच्या जागी आहे म्हणाला. नऊ नोव्हेंबरच्या तिकिटाचं विचारलं. मी काहीतरी पुटपुटले. मग म्हणाला, ‘‘आई, हल्ली तू फोन पटकन ठेवतेस. आधी ठेवायचीच नाहीस.’’

तक्रार नव्हती त्याच्या आवाजात. माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

आक्का आतून ऐकत होती. बाहेर न बघताच म्हणाली, ‘‘जा की तू. तुझं घर हाय तिकडं. मला काय कुणी लागत न्हाय.’’ आणि देवघराकडे गेली. लंगडायचंच विसरली.

३० ऑक्टोबर

घर. जागच्या जागी. बारा दिवस हेच डोक्यात.

४ नोव्हेंबर

वृषभशी तासभर बोलले. आज मी पटकन ठेवला नाही. उन्हाळ्यात तोच इकडे येतो म्हणाला.

८ नोव्हेंबर

सकाळी चहा पिताना सांगून टाकलं, ‘‘आक्का, सरळ चाल आता. मी जात न्हाय.’’

तिनं कप खाली ठेवला. मग उठली, माझी बॅग ओढून पलंगावर उपडी केली, कपडे तिच्या कपाटात कोंबले. स्टुलावर चढली आणि रिकामी बॅग स्वतःच्या हातानं माळ्यावर ढकलली, पार आत, भिंतीपर्यंत.

मी खाली स्टूल धरून उभी होते.